कृत्रिम पापण्या, डोळ्यांचा हक्क आणि वुजू

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. ठाण्याची वागळे इस्टेट ही महामंडळाच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. ज्या रस्त्यांवर एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथे आज मोठमोठी कार्यालये उभी आहेत आणि आपल्या शेकडो मुली तेथे नोकरीस जातात. किसननगर, श्रीनगर, हाजुरी या आसपासच्या वस्त्यांत ब्युटी पार्लरही वाढली आहेत. निकाहाचा हंगाम आला की मेहंदीबरोबर आता आणखी एका गोष्टीची चौकशी होते, ती म्हणजे ‘आयलॅश एक्स्टेन्शन’ची. चिकटवलेल्या पापण्यांची निगा कशी राखावी, हे पार्लरमध्ये सांगितले जाते. परंतु वुजूचे काय, हा प्रश्न तेथे सहसा निघत नाही. या लेखात दोन्ही बाजूंचा विचार करू.

ही वस्तू नेमकी काय आहे?

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला प्रकार पट्टीच्या पापण्यांचा. पापणीच्या कडेवर संपूर्ण पट्टी चिकटवतात आणि रात्री काढून ठेवतात. दुसरा प्रकार एक्स्टेन्शनचा. यात नैसर्गिक पापणीचा एकेक केस वेगळा करून त्यावर कृत्रिम तंतू चिकटवला जातो. हे काम दीड-दोन तास चालते आणि तंतू साधारणपणे दोन ते सहा आठवडे टिकतात. पापणीचा केस आपल्या कालक्रमाने गळतो तेव्हा तंतूही त्याच्याबरोबर पडतो. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी ‘रिफिल’ करावे लागते.

‘सिल्क’ किंवा ‘मिंक’ या नावाने विकले जाणारे बहुतेक तंतू प्लॅस्टिकच्या जातीचे असतात. काही मात्र खरोखरच मिंक या प्राण्याच्या केसांचे असतात, तर काही मानवी केसांचे. डिंक सायनोॲक्रिलेट जातीचा असतो. तो हवेतील ओलाव्याने घट्ट होतो आणि एकदा वाळला की पाण्याला आत शिरू देत नाही. पहिले २४ तास पापण्यांना पाणी लावू नका, असेही अनेक ठिकाणी बजावले जाते.

येथेच अडचण सुरू होते. चोवीस तासांत पाच नमाजा येतात.

वुजूची अट

सूरह अल्-माइदाच्या सहाव्या आयतीत नमाजपूर्वी चेहरा धुण्याचा आदेश आहे. डोळ्याचा आतील भाग धुणे आवश्यक नाही, परंतु पापण्यांचे केस चेहऱ्यातच गणले जातात. कोकणी मुस्लिम कुटुंबे बहुतांशी शाफई मताची आहेत. शाफई फिकहात पापणीचा केस आणि त्याखालील त्वचा, दोन्हींपर्यंत पाणी पोहोचणे आवश्यक मानले आहे. पाणी अडवणारा थर धुण्याच्या जागी असेल तर तो आधी दूर करावा, असे हनफी आलिमही सांगतात. मेहंदीचा रंग उरतो पण थर उरत नाही, म्हणून वुजूला बाधा येत नाही. नेलपॉलिशचा मात्र थर असतो. वाळलेला डिंक याच दुसऱ्या वर्गात मोडतो आणि वॉटरप्रूफ मस्काराही त्याच वर्गातला आहे.

एवढ्याशा जागेने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. सहीह मुस्लिममध्ये हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. एका माणसाच्या पायावर नखाएवढी जागा कोरडी राहिली होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला परत जाऊन नीट वुजू करण्यास सांगितले, आणि त्याने तसे केल्यावरच नमाज अदा केली.

दीन कठोर आहे, असा याचा अर्थ नव्हे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी विचारले होते की, माझी वेणी घट्ट असते, गुस्लसाठी ती सोडावी काय? प्रेषित (स.) यांनी तशी गरज नसल्याचे सांगितले आणि डोक्यावर तीन ओंजळी पाणी घालणे पुरेसे मानले. सवलत आहे ती वेणीला, कारण वेणीतून पाणी मुळांपर्यंत उतरू शकते. डिंकाच्या थरातून ते उतरत नाही.

हिशेब करून पाहा. तीन आठवडे म्हणजे २१ दिवस, आणि रोजच्या पाच याप्रमाणे १०५ नमाजा. नमाजची माफी असलेले दिवस वगळले तरी उरलेल्यांची संख्या लहान नाही. गुस्ल फर्ज झाल्यास त्याचाही प्रश्न येतोच. निकाहाच्या एका संध्याकाळच्या छायाचित्रांसाठी हा सौदा करावा काय, हे प्रत्येकीने स्वतःला विचारावे.

केसांना केस जोडण्याचा प्रश्न

सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये हजरत अस्मा (रजि.) यांची रिवायत आहे. एका आईने प्रेषित (स.) यांच्यापाशी येऊन सांगितले की, आजारपणात माझ्या मुलीचे केस गळले आहेत आणि तिचे लग्न ठरले आहे, तिला दुसरे केस जोडू काय? त्या आईची काळजी आजच्या कोणत्याही अम्मीला सहज समजेल. तरीही प्रेषित (स.) यांनी परवानगी दिली नाही आणि केस जोडणारी व जोडून घेणारी, दोघींबाबत कडक शब्द वापरले.

मानवी केस जोडण्यास चारही फिकही मतांचे आलिम मनाई करतात. कृत्रिम तंतूंविषयी मतभेद आहे. काही आलिम त्यांनाही याच हदीसखाली आणतात. काही आलिम, विशेषतः हनफी, फसवणूक नसेल तर सवलत देतात. मिंकविषयीही मतभेद आहे. शरई पद्धतीने जबह न झालेल्या प्राण्याचे केस शाफई मतानुसार नापाक ठरतात, तर हनफी मतानुसार डुक्कर वगळता इतर प्राण्यांचे केस पाक असतात. म्हणून आपल्या मसलकच्या जाणत्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. परंतु ज्यांच्या मते तंतू जायज आहेत, त्यांच्याकडूनही वुजूची अट सुटत नाही.

डोळ्यांचा हक्क

रात्रभर इबादत करणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषित (स.) यांनी समजावले होते की, माणसावर त्याच्या शरीराचा हक्क आहे आणि त्याच्या डोळ्यांचाही हक्क आहे. इबादतीतही जो हक्क विसरायचा नाही, तो शृंगारात कसा विसरावा?

पापणी धूळ अडवते आणि काही टोचताच डोळा मिटवते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या तपासल्या. पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक-तृतीयांश असते आणि त्याच लांबीला डोळ्यावरची हवा सर्वांत चांगली अडते, असे त्यांना आढळले. पापणी त्याहून लांब झाली तर ती हवा उलट डोळ्याकडे वळवते आणि डोळा लवकर कोरडा पडतो. अल्लाहने माणसाला उत्तम घडणीत निर्माण केले, हे सूरह अत्-तीनमध्ये आपण वाचतो. त्या घडणीचे हे एक लहानसे माप आहे.

डिंकाच्या वाफेने डोळे चुरचुरतात, कधी ॲलर्जीने पापण्या सुजतात. जड तंतूंच्या ओढीने मूळचे केस गळतात. पाणी लागू नये म्हणून डोळे धुणे टाळले तर पापणीच्या मुळाशी मळ व जंतू साठतात आणि कडा लाल होतात.

ज्यांनी आधीच लावल्या आहेत

घाबरू नका आणि तंतू ओढूनही काढू नका. मूळचे केस उपटले जातील. प्रशिक्षित हातांकडून, डोळे मिटलेले ठेवून, डिंक विरघळवणाऱ्या जेलने ते काढून घ्या. तोवर पापण्या रोज सौम्य, तेलविरहित साबणपाण्याने हलक्या हाताने धुवा, चोळू नका. दुखणे, लाली, अंधुक दिसणे किंवा उजेड सहन न होणे यांपैकी काही जाणवले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. अजाणतेपणी अदा केलेल्या नमाजांविषयी आलिमांना विचारा आणि नमाज सोडू मात्र नका. घरातील मोठ्यांनीही मुलीला चारचौघांत टोचून बोलू नये. जे तिला कोणी शिकवलेच नाही, त्याचा दोष तिच्या एकटीचा कसा?

शृंगाराची हौस नाजायज नाही. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते, ही शिकवण सहीह मुस्लिममध्ये आहे. पाण्याने सहज निघणारा मस्कारा वुजूपूर्वी धुता येतो. इस्मद सुरम्याची शिफारस हदीसमध्ये आहे, दृष्टी व पापण्यांच्या केसांसाठी तो हितकर सांगितला आहे. मात्र आज सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत शिसे आढळले आहे. म्हणून खात्रीचा नसलेला सुरमा, विशेषतः बालकांच्या डोळ्यांत, घालू नये.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींनाही एक विनंती. आपला व्यवसाय हीसुद्धा अमानत आहे. तंतू कशाचा आहे, डिंक पाणी अडवतो, पाणी किती वेळ वर्ज्य आहे, हे पैसे घेण्यापूर्वी सांगा. चिमटे निर्जंतुक करा आणि ॲलर्जीची चाचणी आधी घ्या. एखादी ग्राहक परत गेली तरी खऱ्या व्यवहारातील बरकत जात नाही.

कुटुंबात चर्चेसाठी

१. मेहंदी आणि नेलपॉलिश यांतील फरक मुलांना कसा समजावून सांगाल?
२. वेणीला मिळालेली सवलत डिंकाला का मिळत नाही?
३. आपल्या घरातील निकाहाच्या तयारीत नमाजच्या वेळांसाठी कोणती सोय ठेवली जाते?

अल्लाह आपल्या डोळ्यांना प्रकाश आणि आपल्या नमाजांना कबुली देवो. आमीन.