पेच लागला आहे का?

मुलांनो, उर्दूत तुम्ही ज्याला 'कहकशाँ' म्हणता, त्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत. आपली पृथ्वी ज्या प्रचंड तारासमूहात आहे ती 'आकाशगंगा'. तिच्यासारखे इतर तारासमूह म्हणजे 'दीर्घिका'.

मे महिन्यात रात्री आकाशात चित्रा हा ठळक तारा पाहा. तो कन्या राशीत आहे. त्याच राशीत एम ६० ही दीर्घिका आहे. ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. दुर्बीण हवी, आणि पन्हाळ्यासारखी, शहरातल्या दिव्यांपासून दूरची जागा हवी. तिचा आकार लंबवर्तुळाकार, साधारण अंड्यासारखा आहे. तिच्यातले बहुतेक तारे म्हातारे आहेत. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेपाच कोटी वर्षे लागतात!

तिच्या शेजारी एनजीसी ४६४७ ही लहान, भोवऱ्यासारखी दीर्घिका दिसते. फोटोत दोघी एकमेकींना टेकलेल्या वाटतात. हॉल्टन आर्प यांनी १९६६ साली ३३८ चमत्कारिक दीर्घिकांचा फोटोसंग्रह छापला, त्यात ही जोडी ११६ व्या क्रमांकावर आहे. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी याच आर्प यांच्याबरोबर संशोधन केले. आकाशात लगत दिसणाऱ्या काही वस्तू खरोखरच जोडलेल्या असतात, असे आर्प म्हणत. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. पुरावा मागणे हे त्यांचे कामच होते.

मग पुरावा कोणता? गच्चीवरून पतंग पाहा. दोन पतंग चिकटलेले दिसतात, पण एक जवळ आणि दुसरा पार पलीकडच्या गल्लीवर असू शकतो. खरा पेच लागला तर मात्र दोघांनाही हिसका बसतो. दीर्घिकांचेही तसेच आहे. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, तसे एकीच्या गुरुत्वाकर्षणाने दुसरीतले तारे व वायू ओढले जातात. दाटलेल्या वायूतून नवे तारे जन्मतात.

या जोडीत जमिनीवरच्या दुर्बिणींना असा हिसका दिसला नाही. म्हणून त्या केवळ एका रेषेत आल्या असाव्यात, असे अनेकांना वाटे. पुढे हबल या अवकाशातल्या दुर्बिणीच्या फोटोंचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा ओढाताण नुकतीच सुरू झाल्याच्या खुणा आढळल्या. 'नुकतीच' हा शब्द मात्र जपून वाचा. दीर्घिकांच्या हिशेबात लाखो वर्षेसुद्धा 'नुकतीच' असतात!