घरचेच प्रथिन बिघडते तेव्हा

‘डॉक्टरसाहेब, कॅन्सरचे जंतू अंगात येतात तरी कुठून?’ वाडीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वारंवार येतो. अमरावती मार्गावरचे ट्रकचालक असोत, गोदामातले हमाल असोत की शिकलेली नोकरदार मंडळी, बाहेरून कोणी शत्रू शिरला असेच सर्वांना वाटते. काही कर्करोगांशी विषाणूंचा संबंध आहे, हे खरे. पण आपल्या विदर्भात नेहमी दिसणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात बिघडलेले असते ते बहुधा पेशीतलेच एखादे रोजचे प्रथिन.

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. परंतु पेशीच्या आतली बहुतेक कामेही प्रथिनेच करतात. त्यांपैकी एकाचे नाव ‘रास’. १८९ अमिनो आम्लांची ही माळ विजेच्या बटनासारखी चालते. वाढीचा निरोप आला की बटन चालू होते, पेशी विभागते आणि काम झाले की बटन बंद होते. गालाच्या आतले अस्तर सतत झिजते व भरून येते, ते अशाच व्यवस्थेमुळे. तेव्हा हे प्रथिन मुळात वाईट नव्हे. त्याच्यावाचून आपले चालणारच नाही.

१९८२ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग व इतर काही संशोधकांनी मूत्राशयाच्या कर्करोगातील रास निरोगी रासशी ताडून पाहिले. फरक निघाला तो अवघ्या एका मण्याचा! बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन. एवढ्यानेच बटन चालू स्थितीत अडकते आणि निरोप नसतानाही पेशीला वाढण्याचा हुकूम मिळत राहतो.

मणी का बदलतो? प्रथिनाचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो. त्यातले एक अक्षर बिघडले तरी पुरते. इथे आपल्याला पानठेल्यावर यावे लागते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा होतो. तंबाखूतील नायट्रोसामाइन नावाची रसायने शरीरात गेल्यावर जनुकाला जाऊन चिकटतात व अक्षर बिघडवतात. ‘मी तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो’ असे म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. मुंबईत परळच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातील गाठी तपासल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे ३५ टक्के गाठींत रासचा एक प्रकार बिघडलेला आढळला. पाश्चात्त्य देशांतील अशा गाठींत हे प्रमाण फार कमी असते.

एक बटन अडकले म्हणून लगेच कर्करोग होत नाही. ‘पी-५३’ नावाचे दुसरे प्रथिन पहाऱ्यावर असते. जनुक बिघडलेल्या पेशीला ते थांबवते आणि दुरुस्ती होत नसेल तर मरायला लावते. हा पहारेकरीही बिघडला म्हणजे मग विचारू नका. असे अनेक बिघाड एकाच पेशीच्या वंशात साचायला वर्षे लागतात. ‘माझे काका चाळीस वर्षांपासून खर्रा खातात, त्यांना काही झाले नाही’ हे ऐकले की मला खरोखर चीड येते. पुडीगणिक धोका वाढतो. कोणाचे कोणते अक्षर बिघडेल, हे काकाही सांगू शकत नाहीत. मात्र खर्रा सोडला की नव्या बिघाडांचे एक मोठे कारण थांबते आणि धोका हळूहळू उतरू लागतो.

बिघडलेल्या प्रथिनालाच रोखणारे औषध नाही का? आहे. रक्ताच्या एका कर्करोगात दोन जनुके जोडली जाऊन विकृत प्रथिन तयार होते. त्याला अडवणारी इमॅटिनिबची गोळी २००१ पासून वापरात आहे व तिने रुग्णांचे आयुष्य खूप वाढवले. तोंडाच्या कर्करोगात तशी रामबाण गोळी नाही. मुख्य भिस्त शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांवरच आहे.

म्हणून खर्रा खाणाऱ्याने महिन्यातून एकदा चूळ भरून, उजेडात आरशासमोर तोंड उघडून पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सोसेनासे होणे, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, यांपैकी काहीही असल्यास नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा तुकडोजी कर्करोग रुग्णालय गाठावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला हा रोग बहुधा दुखतच नाही. तपासणीसाठी तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. तो तुकडा पाहिल्याशिवाय निदान पक्के होत नाही.