मस्करीची कुस्करी होऊ नये म्हणून



छंद एक असला की ओळख लवकर होते आणि ओळख झाली की गप्पा रंगतात. नाणी, पतंग, बुद्धिबळ, क्रिकेट, छंद कोणताही असो, त्या मंडळींत कामाच्या गोष्टींपेक्षा थट्टा-मस्करीच अधिक चालते. आता ती मोबाइलवर लिहूनही चालते. पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो आणि मुलांची पुष्कळशी भांडणेही येथूनच सुरू होतात. म्हणून आज आपण गप्पांचाच थोडा अभ्यास करू. उदाहरण घेऊ हॅम रेडिओचे.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांनी बिनतारी संचावरून जगभर साधलेला संवाद. भारतात त्यासाठी सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. किमान वय १२ वर्षे. या लहरींवर व्यापारी संदेश चालत नाहीत. तांत्रिक प्रयोग आणि साधे वैयक्तिक बोलणे चालते. अशा निवांत गप्पांना हॅम मंडळी 'रॅग च्यूइंग', म्हणजे चिंधी चघळणे, म्हणतात. आपण चकाट्या पिटणे म्हणतो, तेच हे.

या गप्पांची रीत पाहा. १२ वर्षांच्या मुलालाही तेथे प्रेमाने 'ओल्ड मॅन' म्हणतात! निरोप घेताना '७३' पाठवतात. त्याचा अर्थ शुभेच्छा. मोर्स लिपीत फक्त टिंबे आणि रेघा असतात. तेथे ना चेहरा दिसतो, ना आवाजातले हसू ऐकू येते. मग गंमत केली हे कळणार कसे? त्यासाठी 'एच' आणि 'आय' ही दोन अक्षरे पाठवतात. चार टिंबे, थोडा विराम, पुन्हा दोन टिंबे. कानाला ते खुदकन हसल्यासारखे लागते. संगणकावरही हीच अडचण आली, तेव्हा अमेरिकेतील प्राध्यापक स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी विरामचिन्हांचा हसरा चेहरा सुचवला.

यातून पहिला धडा मिळतो: जेथे चेहरा दिसत नाही, तेथे थट्टा ही थट्टाच आहे हे कळवण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची असते. दुसरा धडा असा की हॅमला बोलताना आपले संकेतचिन्ह सांगावेच लागते. नाव लपवून कोणाला टोचण्याची तेथे सोय नाही. शिवाय त्याचे बोलणे कोणीही ऐकू शकतो, हे तो जाणून असतो.

आता शब्दांकडे वळू. थट्टा आणि मस्करी यांत दोघेही हसतात. टिंगल-टवाळीत एक हसतो, दुसरा कसनुसा होतो. कुचेष्टेत तर दुखवण्याचाच हेतू असतो. आपल्यासारख्या हिंदी भाषिक प्रदेशात वाढणाऱ्या मुलांनी एक शब्द विशेष सांभाळावा. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत 'चेष्टा' म्हणजे थट्टा. 'मी गणिताची चेष्टा केली' असे लिहाल, तर मराठीचे गुरुजी हसतील!

मस्करीची कुस्करी केव्हा होते? समोरचा गप्प झाला तरी आपण थांबत नाही तेव्हा. रंग, शरीर, घरची परिस्थिती, बोलण्यातला अडखळा हे थट्टेचे विषय नव्हेत. खेळातली चूक, हरवलेला डाव, फाटलेला पतंग यांवर हवे तितके हसावे.

पालकांसाठी एक घटना सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्यासह काही भारतीय हॅम छंदापायी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली. त्यांनी छंदाचे काम थांबवले आणि तेथील लोकांची खुशाली त्याच लहरींवरून मुख्य भूमीवर कळवली. एरवी नुसत्या गप्पा मारणारी माणसेच पलीकडे ऐकायला होती. गप्पांनी विश्वास जुळलेला असतो, तो अडचणीत उपयोगी पडतो. टिंगलीने तोच आधी तुटतो.

स्वाध्याय
१. थट्टा, टिंगल, कुचेष्टा हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
२. मित्राला पाठवलेला गमतीचा निरोप आज आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना संकोच वाटला, तर तो का वाटला ते चार ओळींत लिहा.