नाताळचा हिशोब दिवाळीतच

2019 साली ऑक्टोबरअखेर 'क्यार' वादळ आलं, पाठोपाठ 'महा'. ऐन हंगामात मालवणच्या होड्या किनाऱ्याला लागून राहिल्या. आमच्या घरधन्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. मुंबईचे दीर-नणंदा मुलाबाळांसह नाताळला यायचे होते, आणि पैशाचा विषय कोणी कोणाकडे काढला नाही. बांगड्या गहाण पडल्या, किराणा उधारीवर आला. सण थाटात झाला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मासळीच्या गाड्या थांबल्या, जूनपासून मासेमारी बंदी. व्याज मात्र चालूच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "रीण काढून सण नको गो बाय."

म्हणून हात आखडता असलेल्या प्रत्येक घराला माझं सांगणं आहे.

पैशाचं बोलणं दिवाळीतच उरका. कोकण रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं; 22 डिसेंबरचं तिकीट 23 ऑक्टोबरच्या सुमारास काढावं लागतं. तिकिटासाठी मुंबईकरांशी फोन होईल, त्याच फोनवर वाटणी ठरवा: मैदा, सुका मेवा, मुलांचे कपडे मुंबईकरांकडे, नारळ, तांदूळ, मासळी गावाकडे. मोकळं विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की आठवड्याला 200 रुपये बचत गटात वेगळे टाका. 18 आठवड्यांत 3,600 होतात. तेवढ्यात सण बसवा.

20 डिसेंबरनंतर मालवण-तारकर्ली पर्यटकांनी भरते आणि सुरमई, पापलेट हॉटेलच्या भावाने जातं. त्या दिवसांत बांगड्याचं तिखलं करा. सोरपोतेलाचं मांस दोन-तीन घरांनी मिळून घ्या. खोल्या भाड्याने देत असाल तर त्या आठवड्यात देऊनच टाका. घरच्या पाहुण्यांसाठी पडवीत चटया अंथरा.

फराळ वाटून करा. एका घरी नेवऱ्या, दुसऱ्या घरी दोदोल, तिसऱ्या घरी कुलकुल. नारळाच्या रसात मळलेल्या मैद्याची गोळी फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबून वळवायची, हे काम मुलंच हौसेने करतात. दोदोल ढवळायला तर आळीपाळीने हात लागतातच. तारा बांबूच्या कामट्या आणि पतंगाच्या कागदाचा होतो. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याभोवतीची हिरवी शेतं करायला करवंटीत आठवडाभर आधी नाचणी पेरली की पुरतं.

रोषणाई, महागडा केक, नवे पडदे खुशाल गाळा. शेजाऱ्यांची ताटं तेवढी गाळू नका. दिवाळीत त्यांच्या करंज्या आपल्या घरी आलेल्या असतात. त्या ताटात चार नेवऱ्या गेल्याच पाहिजेत.

मध्यरात्रीच्या मिस्सेला कोणी कोणाच्या कपड्यांची किंमत विचारत नाही. प्रभूचा जन्म गोठ्यात झाला, हे आपण दरवर्षी मुलांना सांगतो. त्या जन्माचा सण कर्जावर साजरा करू नका.