जुना ठिबक संच : दुरुस्त करावा की बदलावा?

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या भागांत केळी व बागायती कपाशी मोठ्या प्रमाणावर ठिबकवर घेतली जाते. संच काही वर्षांचा झाला की उंदीर व खारी नळ्या कुरतडतात, निंदणीत विळा लागतो, तोट्या चोंदतात. अशा वेळी काही शेतकरी सर्व नळ्या भंगारात देतात, तर काही जण जॉइनर लावत तोच संच वर्षानुवर्षे ओढतात. दोन्हींत नुकसान होऊ शकते. नळी किती जुनी आहे किंवा कशी दिसते यावर निर्णय घेऊ नये. तोटीतून पडणारे पाणी मोजून मगच निर्णय घ्यावा.

पाणी कसे मोजावे?

पंप सुरू करून दाब स्थिर होऊ द्यावा. एका सबमेनवरील चार नळ्या निवडाव्यात : पहिली, एक-तृतीयांश अंतरावरील, दोन-तृतीयांश अंतरावरील व शेवटची. प्रत्येक नळीवर याच चार ठिकाणच्या तोट्यांखाली भांडे ठेवून ३ मिनिटे पाणी गोळा करावे व मि.लि.मध्ये मोजावे. ताशी ४ लिटरच्या तोटीतून ३ मिनिटांत २०० मि.लि. पाणी पडले पाहिजे.

सर्व १६ तोट्यांची सरासरी काढावी. नंतर सर्वांत कमी पाणी देणाऱ्या ४ तोट्यांची सरासरी काढून तिला एकूण सरासरीने भागावे व १०० ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे पाणी वाटपातील समानता. ९० टक्क्यांवर उत्तम, ८० ते ९० चांगली, ७० ते ८० मध्यम आणि ७० च्या खाली असमाधानकारक समजावी.

असमान पाण्याने काय होते?

समजा एकूण सरासरी १८० मि.लि. व कमी पाण्याच्या तोट्यांची सरासरी ११७ मि.लि. आली. समानता ६५ टक्के झाली. केळीच्या प्रत्येक झाडाला दोन तोट्या आहेत व १६ लिटर पाणी द्यायचे आहे असे धरू. चांगल्या तोट्यांवर हे काम २ तासांत होते. चोंदलेल्या तोट्यांच्या झाडाला मात्र सुमारे ३ तास २५ मिनिटे लागतात. तेवढा वेळ संच चालवला तर चांगल्या तोट्यांखालील झाडाला २७ लिटर पाणी जाते. जादा ११ लिटर पाणी मुळांच्या खाली निघून जाते व विद्राव्य खतही सोबत नेते. संच २ तासच चालवला तर मे महिन्याच्या उन्हात अशक्त झाडे तहानलेली राहतात आणि बागेत घड लहान-मोठे निघतात.

आधी दोष ओळखावा

१. सर्वच तोट्यांतून सारखेच कमी पाणी येत असल्यास दोष बहुधा पंप, गाळणी किंवा दाबात असतो. गाळणीच्या आधीच्या व नंतरच्या दाबातील फरक ०.५ किलोपेक्षा जास्त असल्यास ती धुवावी. नळ्यांना हात लावू नये.

२. नळीच्या टोकाकडेच पाणी कमी असल्यास एंड कॅप काढून साचलेला गाळ स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावा. वाटेत गळती आहे का तेही पाहावे.

३. मधूनमधून काही तोट्या बंद असल्यास त्या चोंदल्या आहेत. पांढरा थर आम्लाने फसफसला तर तो क्षारांचा आहे. बुळबुळीत थर शेवाळ व जिवाणूंचा असतो.

क्षारांसाठी आम्ल प्रक्रिया करावी. १० लिटर पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे टाकून सामू ४ वर येण्यास किती लागते ते सामू कागदाने पाहावे. त्याच प्रमाणात आम्ल संचात सोडावे. ते शेवटच्या तोटीपर्यंत पोहोचल्यावर संच २४ तास बंद ठेवावा व नंतर नळ्या धुवाव्यात. शेवाळासाठी क्लोरीन प्रक्रिया करावी.

सावधान : आम्ल पाण्यात टाकावे, आम्लावर पाणी कधीही ओतू नये. आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो. हातमोजे व चष्मा वापरावा.

निर्णय कसा घ्यावा?

प्रक्रियेनंतर पुन्हा पाणी मोजावे.

• समानता ८० टक्क्यांवर आली व नळी लवचिक असेल, तर कापलेल्या जागी जॉइनर लावून संच चालू ठेवावा. नळीबाहेर बसवलेल्या तोट्या खराब असतील तर तेवढ्याच बदलाव्यात.

• समानता ७० ते ८० टक्के असल्यास सर्वांत खराब नळ्या बदलून उरलेल्यांवर एक हंगाम काढता येतो.

• प्रक्रिया करूनही समानता ७० च्या खाली राहिली, किंवा दुमडल्यावर नळीला तडे जात असतील, तर सर्व उपनळ्या बदलाव्यात. उन्हाने कडक झालेली नळी एका जागी जोडली की दुसऱ्या जागी फुटते.

• उपनळ्या बदलताना मुख्य नळी व गाळणी तपासून पाहाव्यात. जमिनीत पुरलेल्या पीव्हीसी नळीला ऊन लागत नाही, म्हणून ती बहुधा चांगली असते. ती उगाच उकरू नये.

नवी नळी घेताना भारतीय मानकाचा शिक्का पाहावा. साध्या उपनळीसाठी आय.एस. १२७८६ व इनलाइन नळीसाठी आय.एस. १३४८८ हे मानक आहे. अनुदान हवे असल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आपली पात्रता विचारावी आणि पूर्वसंमतीशिवाय खरेदी करू नये.

उभ्या केळीत नळ्या बदलणे अवघड व खर्चाचे पडते. म्हणून मृगबागेसाठी व कपाशीसाठी एप्रिलमध्ये, तर कांदेबागेसाठी सप्टेंबरमध्ये, म्हणजे लागवडीपूर्वीच ही मोजणी करावी. मापाचे भांडे, घड्याळ व कागद-पेन्सिल एवढेच साहित्य त्यास पुरते. मोजणीचे आकडे वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढील वर्षी संच किती उतरला हे लगेच कळेल.