म्हाताऱ्या माणसाला कसली लाज?

घरी नर्स ठेवताना आपण दोनच गोष्टी विचारतो : दिवसाचे किती घेणार आणि रात्री राहणार का. आमच्या दादाने दोन्ही विचारल्या. तिसरी मी विचारू लागले, तर ‘तुझं जरा जास्तच असतं’ म्हणून मला गप्प बसवलं. म्हणून आता लिहिते आहे.

अण्णांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला आणि पाय गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी साताऱ्याहून माहेरी येऊन राहिले. हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानजवळच आमचं गाव. अण्णाही तालमीतले, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची रीघ. कॉट सोप्यात, कारण पंखा तिथे. त्याच सोप्यात चार माणसांदेखत नर्सिंग ब्युरोची सिस्टर अण्णांचं डायपर बदलायची. न सांगता चादर ओढायची. वर मोठ्यानं, “आजोबांनी आज लई घाण केली बरं का!” मी साडीचा आडोसा धरायला गेले तर म्हणाली, “ताई, म्हाताऱ्या माणसाला कसली लाज? आणि हे तर पैलवान. आख्ख्या गावासमोर लंगोटावर उभं राहिलेले.”

यावर माझ्याच घरातली माणसं हसली. ते मी विसरणार नाही. अण्णांनी लंगोट स्वतःच्या हातानं कसला होता आणि मैदानात ते स्वतःच्या पायांनी उतरत होते, एवढंही कुणाला सुचू नये?

एके संध्याकाळी मी पाण्याचा पेला ओठाला लावला तर त्यांनी दात घट्ट मिटले. मला वाटलं, गिळायला त्रास होतोय. सोपा रिकामा झाल्यावर हळूच म्हणाले, “पाणी पाजू नगं बाई. पोटात काय गेलं की परत उघडं करत्यात.” भाकरीही त्यासाठीच सोडली होती. आणि आम्ही सगळे ‘आजार वाढला, अन्न जात नाही’ म्हणत बसलो होतो! दुखण्यासाठी चालू असलेल्या मॉर्फिननं आधीच शौचाला खडा होतो. त्यात पाणी बंद, आणि पोट साफ व्हायचं डॉक्टरांनी दिलेलं रोजचं औषध सिस्टरनं परस्पर थांबवलेलं, का, तर सारखं बदलावं लागतं. मग एनिमा. तोही सोप्यातच.

पडून पडून पाठीला झालेल्या जखमेचा फोटो ती ड्यूटीचा पुरावा म्हणून ब्युरोच्या ग्रुपवर टाकत होती, हे नंतर कळलं. फोन केला तर उत्तर आलं, “सगळ्यांचे येतात, कुणी तक्रार केलेली नाही.” ज्याचा फोटो काढला तो कुशीवर वळवून ठेवलेला माणूस तक्रार कुठे करणार?

पुढे हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं सुसह्य करणाऱ्या, टीमच्या एक सिस्टर घरी आल्या. आधी अण्णांशेजारी बसल्या. “काय म्हणून हाक मारू?” अण्णा म्हणाले, “वस्ताद म्हणा.” मग त्यांनी सगळ्यांना, दादालासुद्धा, बाहेर काढलं. “वस्ताद, आता डावी बाजू पुसते,” असं प्रत्येक वेळी आधी सांगून, जेवढं पुसायचं तेवढंच उघडं करत, बाकी अंग चादरीखाली ठेवून काम केलं. जखमेच्या वासानं अण्णा भेटायला आलेल्यांकडे पाठ करायचे. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर लावायला सुरुवात केली, वास उतरला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ताक मागितलं.

तेव्हा ब्युरोतून बाई घेताना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. पांढरा कोट घातला की आयाचीही सिस्टर होते. आयाला कमी लेखत नाही, पण औषध थांबवणं तिचं काम नाही. कॉट आतल्या खोलीत हलवा, नाहीतर दोरी बांधून जुनं लुगडं टाका. भेटायची वेळ ठरवा आणि नातेवाईक रुसले तर रुसू द्या. लघवीच्या पिशवीला कापडी खोळ शिवा. फोटो फक्त डॉक्टरांसाठी, तोही रोग्याला विचारून. मॉर्फिनला घाबरू नका. २०१४ साली कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त हॉस्पिटलात ते मिळणं सोपं झालं आहे. मात्र त्याबरोबर पोट साफ व्हायचं औषध असलंच पाहिजे. पॅलिएटिव्ह सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ सालचा, महाराष्ट्राचं धोरणही त्याच वर्षीचं. जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा, आपणहून कुणी सांगत नाही. स्वतः वेळेवर जेवा, झोपा. धीर सोडू नका.

आणि रोग्यानं तोंड मिटलं, तर आधी खोली रिकामी करा आणि मग कारण विचारा.

ब्युरोनं महिन्याचे पूर्ण पैसे मागितले. दादानं मुकाट्यानं दिले. माझ्या हातात असतं तर एक रुपया दिला नसता.