शोधनानंतरचा द्रव कोठे जातो?

शोधन हा रसशास्त्राचा पाया आहे. अशुद्ध द्रव्य औषधात योजू नये, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. परंतु द्रव्यातून निघालेला दोष पुढे कोठे जातो, हा प्रश्न रसशाळेत क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

प्रथम आमची चूक सांगणे योग्य. नागाच्या सामान्य शोधनात वितळलेले शिसे तीळतेल, ताक, कांजी, गोमूत्र व कुळथाचा काढा यांत प्रत्येकी सात वेळा ओततात. उरलेले ताक व कांजी आमच्याकडे कित्येक वर्षे अंगणातील कढीलिंबाच्या मुळाशी ओतली जात असे. एकदा भांडे घासताना तळाशी करडा, जड गाळ आढळला. तो शिशाचा होता. आंबट द्रवात शिसे उतरते, हे ठाऊक असूनही ध्यानात आले नव्हते. त्या झाडाची पाने आमच्या व सेवकांच्या घरी रोजच्या फोडणीत पडत होती. शिशाचा सर्वाधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूस होतो. ते झाड व भोवतालची माती आता वापरात नाही.

अवशेष कोणते?

हिंगुळातून पारद काढल्यावर उरलेली राख, पारद गाळलेले वस्त्र आणि खल धुतलेले पाणी यांत पारदाचा अंश असतो. पारदाची वाफ सामान्य तापमानासही होते. तिला रंग नाही, वासही नाही. हरताळ व मनःशिळा हे आर्सेनिकचे योग असल्याने त्यांच्या स्वेदनाचा द्रव निरुपद्रवी मानता येत नाही. वत्सनाभ भिजवलेल्या गोमूत्रातही विष उतरते. ते गुरांच्या वाटेवर ओतू नये.

भंगारवाल्याकडे देणे हा उपाय नव्हे. कोडाईकनाल येथील तापमापकांच्या कारखान्यातील पारदयुक्त काच भंगारात गेल्याचे 2001 साली उघडकीस आले आणि कारखाना बंद झाला. तेथील मातीचा प्रश्न त्यानंतरही अनेक वर्षे चालला.

व्यवस्था कशी करावी?

औषध नियमांतील परिशिष्ट 'टी' अपायकारक सांडपाणी व अवशेष यांची योग्य प्रक्रियेनंतरच विल्हेवाट लावण्यास सांगते. घातक कचऱ्यासंबंधी 2016 चे नियम स्वतंत्र आहेत. त्यानुसार कचरा साधारणतः 90 दिवसांपर्यंत साठवता येतो व तो अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. लहान रसशाळाचालकांनी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आपल्या कचऱ्याचे स्वरूप लेखी कळवून मार्गदर्शन घ्यावे.

रसशाळेत पुढील शिस्त असावी :

1. प्रत्येक धातूचे अवशेष वेगळ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत. बरणीवर द्रव्याचे नाव व दिनांक लिहावा.
2. पारद किती घेतला, किती मिळाला व किती घटला, याची वजनासह नोंद ठेवावी. घट म्हणजे कोठेतरी गेलेला पारद होय.
3. पारद सांडल्यास खिडक्या उघडाव्यात व इतरांना बाहेर पाठवावे. केरसुणी वापरू नये. तिने थेंब फुटून पसरतात. जाड कागदाने थेंब गोळा करून पाणी घातलेल्या घट्ट बाटलीत ठेवावेत. फटींत गंधकचूर्ण टाकून तेही गोळा करावे. मोरीत काहीही सोडू नये.

चिकित्सालयासाठी

जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम आयुष रुग्णालयांसही स्पष्टपणे लागू आहेत. रक्तमोक्षणातील रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्या लाल पिशवीत, तर सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकाव्यात. रक्ताने माखलेला कचरा 48 तासांहून अधिक काळ ठेवू नये. मुदत संपलेले पारदयुक्त कल्प निर्मात्याकडे परत पाठवणे इष्ट, कारण जाळल्याने पारद नष्ट होत नाही. तो हवेत जातो.

रसौषधींच्या सुरक्षिततेविषयी आज अनेक प्रश्न विचारले जातात. शुद्ध औषधाची ग्वाही देताना आपल्या रसशाळेमागील मातीचीही ग्वाही देता आली पाहिजे. खल चालवणारा सेवक आणि शेजारच्या विहिरीचे पाणी पिणारे कुटुंब हेही आपल्या रुग्णांइतकेच आपल्या जबाबदारीत येतात, असे आम्हांस वाटते.